तिथीची पाऊणपट

“आलास? ने उचलून तुजं मशीन. त्या जागंवर मी मिठाची बरनी ठेवतंय.”

पडवीत जाळं विणत बसलेल्या आबा पालशेतकरांनी मान वर न करता माझं असं स्वागत केलं. होडीतून उतरून धक्क्याची चढण चढताना मला धाप लागली होती, त्यात हे. कराडहून कोकणात नोकरीला येऊन मला पाच महिने झाले होते आणि म्हातारी माणसं अंगावर आली की काय बोलायचं, एवढं अजून शिकायचं राहिलं होतं.

“न्यायला नाही आलो आबा, दुरुस्त करायला आलोय.”

“दोनदा केलंस की दुरुस्त. दोनदा जेवलास आनि ग्येलास.”

हे मात्र खरं होतं. शिरसेबंदर हे खाडीच्या तोंडाशी असलेलं तीस-पस्तीस घरांचं गाव. तिथे इंटरनेटची वायर पोचलेली नव्हती, पोचण्याची आशाही नव्हती. म्हणून आमची कंपनी डब्याएवढं पांढरं मशीन द्यायची. त्यात सिमकार्ड घालायचं, घरावर बांबू उभा करून त्याला अँटेना बांधायच्या, खाडीपलीकडच्या टॉवरकडे त्यांची तोंडं वळवायची आणि घरात नेट आलं म्हणायचं. या गावातलं पहिलं मशीन मीच बसवलं होतं, आबांच्या सुनेसाठी, सुगंधावहिनींसाठी. दोन अँटेना अगदी एका उंचीवर, जोडीनं, लग्नातल्या वरवधूंसारख्या उभ्या केल्या होत्या आणि खाली उतरून त्यांचा फोटोही काढला होता.

त्यानंतर आठवड्याभरात तक्रार सुरू झाली. नेट रोज जातं, तास-दीड तास येत नाही, मग आपोआप येतं. त्या भागात माझी फेरी महिन्यातून एकदा. दोन्ही खेपांना मी दिवसभर मशीनसमोर बसलो आणि दोन्ही खेपांना ते शहाण्या मुलासारखं वागलं. लक्षात राहिलं ते एवढंच, की दोन्ही वेळा एकादशी होती आणि वहिनींनी साबुदाण्याची खिचडी वाढली होती. दुसऱ्या वेळी मी अहवालात लिहून टाकलं, ‘मशीन व्यवस्थित. ग्राहकाच्या वापरात चूक असावी.’ ते वाक्य आठवलं की आजही कान गरम होतात.

वहिनी एकोणतीस-तीस वर्षांच्या. नवरा रमाकांत चार वर्षांपूर्वी काविळीनं गेला. माहेर वर लांज्याकडे, डोंगरात. आईवडील राहिले नव्हते, भाऊ विरारला. पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्याचे फोन घरबसल्या घ्यायचे, डॉक्टरांच्या वेळा द्यायच्या, अशी नोकरी त्यांना मिळाली होती, तीन महिन्यांच्या बोलीवर. तिसरा महिना संपत आला होता. नेट टिकलं तर नोकरी पक्की, नाही तर विरारला भावाकडे जायचं, असं त्यांनीच मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. आणि आबांचा मशीनवरचा राग पाहून मला वाटायचं, या म्हाताऱ्याला कळत नाही का, हे मशीन बंद पडलं तर आपण या घरात एकटे उरू?

त्या मंगळवारी फेरी नव्हती. वहिनींच्या रडवेल्या फोनमुळे मी मुद्दाम आलो होतो. एकादशी नसल्यानं ताटात बांगड्याचं तिखलं होतं. मी दुसरा घास घेतला आणि आतून वहिनींचा आवाज आला, “हॅलो? ताई, मुलाचं वय किती म्हणालात? हॅलो... हॅलो?”

मी खरकट्या हातानं धावलो. घड्याळात दीड. मशीनवर सिग्नलचे चारही दिवे लखलखीत हिरवे आणि नेट मात्र ठार. मी मोबाइलवर मशीनचं पान उघडलं. तिथे दोन आकडे असतात. एक सिग्नलच्या ताकदीचा, दुसरा त्याच्या प्रतीचा, म्हणजे आवाज मोठा आहे की नाही हे एक आणि शब्द कळतात की नाही हे दुसरं. ताकद थोडीशीच उतरली होती. प्रत पार तळाला गेली होती. टॉवर ओरडत होता, पण एक अक्षर कळत नव्हतं.

“आता पटलं?” वहिनी म्हणाल्या. कानावरचा हेडफोन काढून त्यांनी मांडीवर ठेवला होता. “की आजही माझ्याच वापरात चूक आहे?”

मी मान खाली घातली.

तीनच्या सुमाराला नेट परत आलं, आणि त्याच्या पाठोपाठ पुण्याच्या मॅडमचा फोन. वहिनी उभ्या राहून बोलल्या. फोन ठेवल्यावर त्यांनी मला शब्दाला शब्द सांगितलं. गुरुवारी दुपारी अडीच ते साडेतीन मॅडम स्वतः लाइनवर बसून ऐकणार. एक कॉल जरी तुटला, तरी शुक्रवारपासून यायचं नाही.

“म्हणजे जायचं नाही,” वहिनी ओशाळवाणं हसल्या. “मी जाते कुठे म्हणा. या खुर्चीवरून या खुर्चीवर.”

पडवीतून आबा म्हणाले, “इरारच्या गाडीचं टिकीट काडून ठेव. मागनं गर्दी व्हते.”

मला त्या क्षणी आबांचा इतका संताप आला, की अर्धवट राहिलेलं जेवण तसंच टाकून मी बांबूवर चढलो.

बुधवारी सकाळच्या पहिल्या होडीनं मी परत आलो. रात्री बंदरावरच्या लॉजमध्ये बसून मी संशयितांची यादी केली होती. पाण्याचा पंप, फ्रिज, शेजारच्या मासळीवाल्याचं बर्फाचं यंत्र. मंगळवारी दीड वाजता गेलं, म्हणजे रोज दीडला काहीतरी चालू होत असणार, हा माझा सिद्धांत. मी एक वाजल्यापासून सगळी वाडी बंद केली. बर्फवाल्याच्या अक्षरशः पाया पडलो. दीडला पाच मिनिटं असताना मशीनसमोर मांडी ठोकून बसलो.

दीड वाजले. काही झालं नाही. एक मिनिट गेलं, दोन गेली. प्रत उत्तम. मी ओरडलोच, “वहिनी, सापडला! बर्फाचं यंत्र!”

आबांनी दारातून डोकावून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या हातात जाळं विणायची सुई होती. “जेवून घे,” ते म्हणाले. “पाऊन तास हाय आजून.”

मी आनंदात होतो. मला वाटलं, भात शिजायला पाऊण तास आहे. मी मुकाट्यानं बसून राहिलो आणि बरोबर सव्वादोन वाजता माझ्या डोळ्यांदेखत प्रतीचा आकडा घसरायला लागला. बर्फाचं यंत्र बंद, पंप बंद, फ्रिज बंद. आतून पुन्हा तेच, “हॅलो... हॅलो?”

वहिनींनी हेडफोन काढला. उठून मागच्या दारी गेल्या. नळ मोठा सोडल्याचा आवाज आला. माणूस रडताना दुसऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडतो, एवढं मलाही कळत होतं.

आणि मग ते ‘पाऊण तास’ माझ्या डोक्यात वाजलं. भात तर केव्हाच शिजला होता.

मी आबांकडे पाहिलं. ते जाळ्यात डोकं खुपसून बसले होते. त्यांच्या मागे भिंतीवर तिथीचं कॅलेंडर टांगलेलं होतं. तारखा जुळवायच्या म्हणून मी जवळ गेलो आणि पाहिलं, तर चौकोनाचौकोनात पेन्सिलीचे बारीक ठिपके, आणि ठिपक्याशेजारी वेळा. काल, दीड. आज, सव्वादोन. उद्या, तीन. उद्याची वेळ आजच लिहून ठेवलेली!

“आबा, हे काय आहे?”

त्यांनी सुई खाली ठेवली. “सांजच्याला धक्क्यावर ये,” एवढंच म्हणाले.

संध्याकाळी धक्क्यावर होड्या चिखलात कलंडून पडल्या होत्या. दुपारी जिथे पायरीपर्यंत पाणी होतं, तिथे आता काळा गाळ चमकत होता आणि त्यात पोरं कुर्ल्या शोधत होती. आबा दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसले होते.

“तुमच्या घाटावर येल कशी मोजतात?”

“घड्याळात बघून.”

“तितंच घोडं आडतं. खाडीला घड्याल म्हायत नाय. तिला तिथी म्हायत. आज कोनती तिथी?”

“कॅलेंडरवर होती... तृतीया.”

“तीन. त्याची पाऊनपट कर.”

“सव्वादोन.” मी म्हणालो आणि तसाच बघत राहिलो.

“काल बीज. दोनाची पाऊनपट दीड. उद्या चवथ, तीन वाजता. आशी भरती येते. माज्या बापानं मला शिकवलं, त्याला त्याच्या बापानं. पाच-दहा मिनटं हिकडंतिकडं.” त्यांनी समोरच्या गाळाकडे बोट केलं. “भरती पुरी चढली की तुजं नेट जातं. पानी उतरलं की येतं. आकराशीला भरती सक्कालच्या आठला, सुगंधाचं काम धाला सुरू. तू आपला दर आकराशीला येऊन बसायचास. तुला काय दिसनार? साबुदाना!”

मी कपाळाला हात लावला. पाच महिने मी या पाण्यावरून होडीनं जा-ये करत होतो आणि पाणी वरखाली होतं याकडे माझं लक्ष नव्हतं. टॉवरची लहर सरळ येते, तशीच ती पाण्यावर आपटूनही येते. गाळ उघडा असतो तेव्हा तो ती लहर गिळतो. भरतीला सगळी खाडी आरसा होते आणि मग एकच बोलणं जरा मागंपुढं असं दोनदा ऐकू येतं आणि ती दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. ताकद आहे, पण प्रत नाही. प्रशिक्षणात हे एका ओळीत शिकवलं होतं. ती ओळ मी परीक्षेपुरती पाठ केली होती.

“आबा, तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं?”

“पयल्या आठवड्यात कललं.”

“मग सांगितलं का नाही? त्या रोज रडतायत!”

आबांनी पायाला लागलेला गाळ पुसला. मग म्हणाले, “रमाकांत ग्येला तवा ती पंचवीस-सव्वीसची व्हती. आता तीस. तिच्या भावानं इरारला स्थल बगितलंय. चांगला मानूस हाय, मी फोनवर बोल्लोय त्याच्याशी. पन ही जात नाय. म्हाताऱ्याचं कोन करनार, म्हनून जात नाय. मी मरन आनकी धा वर्सांनी. मंग तिनं काय करायचं, ह्या घरात एकलीनं? ही नोकरी पक्की झाली की झालं. रुतलीच हितं.” त्यांनी दोरखंडाचं सुटलेलं टोक वेटोळ्यात खोचलं. “मला वाटलं, मशीन बंद पडलं तर जाईल बापडी. मी जा म्हनून ती जायाची नाय. शिव्या दिल्या तरी नाय. मंग भरतीच मदतीला आली. बोललो, दोन म्हयनं गप रहायचं. उद्याचा दिस काय करू नको पोरा. फकस्त उद्याचा.”

गाळापलीकडच्या पाण्यात थांबलेली शेवटची होडी हाका मारत होती. चिखलातून उचलून घेतल्यासारखं मला नावाड्यानं आत घेतलं. दोन दिवस ज्या माणसावर मी चरफडत होतो, तो काठावर अंधुक होईपर्यंत बसलेला दिसत होता.

लॉजवर मला झोप आली नाही. इलाज सोपा होता. दोन्ही अँटेना एका उंचीवर ठेवण्यातच माझी चूक होती. भरती एकीला बहिरं करायची तेव्हा शेजारचीलाही करायची. एक वर ठेवून दुसरी दोन-अडीच हात खाली आणली, तर एकीला ऐकू येईनासं झालं तरी दुसरीला येत राहील. अर्ध्या तासाचं काम. पण ते करायचं की नाही, हे प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं.

गुरुवारी दहा वाजता मी बांबूखाली उभा राहिलो आणि वहिनींना म्हणालो, “दोष सापडलाय. माझाच होता. एक अँटेना खाली घ्यायला हवी.”

“कशानं कळलं?”

माझी नजर कॅलेंडरकडे गेली. मला ती आवरता आली असती. मी आवरली नाही.

वहिनींनी खुंटीवरून कॅलेंडर काढलं. हे पान पाहिलं, मागचं पाहिलं, त्याच्या मागचं पाहिलं. त्या डोंगराकडच्या असल्या तरी या घरात नऊ वर्षं नांदल्या होत्या. पाऊणपट त्यांना कुणी समजावून सांगावी लागली नाही.

“आबा,” त्या म्हणाल्या. “दोन महिने मी मागच्या दारी नळ सोडून रडते. तुम्ही इथं ठिपके काढत होतात?”

आबांनी जाळं बाजूला केलं. “तुज्या भल्यासाटी, बाय.”

“माझं भलं मला विचारलंत कधी?”

“तू माज्यापायी आडकलीस...”

“कुणी सांगितलं?” वहिनींचा आवाज चढला. मी बांबूकडे बघत उभा राहिलो. जावं तरी कुठे? “भावाकडे गेले की मी दारामागं गादी टाकून झोपते. सकाळी त्यांची पोरं उठायच्या आत गादी गुंडाळायची. कुणी वाईट वागत नाही, पण मी तिथं पाहुणीच. इथं ही खोली माझी आहे. ही खुर्ची माझी आहे. अख्ख्या पुण्याची माणसं मला रोज विचारतात, मॅडम, डॉक्टर कधी भेटतील, आणि मी सांगते. चार वर्षांत मला कुणी काही विचारलं नव्हतं, आबा. तुमच्यासाठी राहिले असते तर केव्हाच कंटाळून गेले असते. तुम्ही काय कमी खाष्ट आहात?”

आबांच्या तोंडून हसू आणि हुंदका यांच्यामधलं काहीतरी निघालं.

“स्थळ बघायचं तर मी बघीन. इथं बसून बघीन. आवडलं तर जाईन, आणि तुम्हाला सांगून, तुमच्या पाया पडून जाईन. पण असं बिळात पाणी सोडल्यासारखं करून मला घरातून बाहेर काढू नका.”

कॅलेंडर पुन्हा खुंटीला लावून त्या आत गेल्या. या वेळी नळाचा आवाज आला नाही.

मी बांबूवर चढलो, एक अँटेना सोडली, अडीच हात खाली आणली आणि पट्टीनं आवळायला लागलो. खालून आवाज आला, “उतर.”

आबा हातात सुंभाची दोरी घेऊन उभे होते. “ही घाटी गाठ हितल्या वाऱ्याला चार दिस टिकायची नाय. उतर म्हनतो ना.”

पंच्याहत्तर वर्षांचा माणूस शिडी चढला. डोलकाठीला शीड बांधावं तशी त्यांनी ती अँटेना बांबूला बांधली. ओढून बघितली, पुन्हा एक वेढा दिला, पुन्हा ओढून बघितली. खाली उतरल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, “आता तुजं नशीब आनि तुजी इद्या.”

याला आता दहा वर्षं झाली. मी पुण्यात गारेगार खोलीत बसतो. गावोगावच्या मशीनचे आकडे माझ्यासमोर पडद्यावर पळत असतात. कुठून समुद्राकाठची तक्रार आली की मी नव्या पोरांना पहिला प्रश्न विचारतो, आज तिथी कोणती? ती एकमेकांकडे बघून डोळे मिचकावतात. शिरसेबंदरला आता जमिनीखालून वायर गेली आहे. आबा जाऊन सहा वर्षं झाली. वहिनी दवाखान्याच्या फोनवाल्या पंधरा बायकांच्या प्रमुख आहेत, त्यांतल्या चौघी त्याच गावच्या. त्यांनी लग्नही केलं, आबा असतानाच, दापोलीच्या एका मास्तरांशी. लग्नाच्या पत्रिकेवर पालशेतकरांच्या घराचा पत्ता होता. मागच्या वर्षी मी तिथे गेलो तेव्हा बांबूवरच्या निकामी अँटेना तशाच होत्या. उतरवू का, म्हणून विचारलं, तर वहिनी म्हणाल्या, राहू द्या, आबांची गाठ आहे.

पण मला सगळ्यांत जास्त आठवतं ते त्या गुरुवारचं तीन वाजणं. त्या पाण्याचा खारट वास, पडवीतलं अर्धवट जाळं, सगळं अजून जसंच्या तसं आहे.

अडीचला पुण्याच्या मॅडम लाइनवर आल्या. वहिनींनी एक कॉल घेतला, दुसरा घेतला. मी मशीनसमोर. आबा आत आले नाहीत. ते धक्क्याकडच्या पायरीवर, घराकडे पाठ करून बसले होते. तीनला पाच मिनिटं कमी असताना वरच्या अँटेनाचा आकडा घसरायला लागला. घसरला, आणखी घसरला, तळाला गेला. खालच्या अँटेनाचा हलला, डुगडुगला आणि थांबला. तिथेच राहिला.

“हो काका, सोमवारी साडेदहाला. रिपोर्ट बरोबर आणा. नाही, उपाशीपोटी यायची गरज नाही,” वहिनींचा आवाज खणखणीत येत होता.

मी पायरीवर आबांच्या शेजारी जाऊन बसलो. त्यांचं लक्ष पाण्याकडे होतं. खाडी काठोकाठ, गुळगुळीत, पलीकडचा टॉवर तिच्यात उलटा दिसत होता. पाणी शेवटच्या पायरीला लागलं आणि जरा वेळ तिथेच थबकलं.

“भरली,” आबा म्हणाले. “पुरी भरली.”

आतून वहिनी बोलतच होत्या. एका कॉलमागून दुसरा. आबा मान किंचित तिरकी करून ऐकत राहिले. मग लुंगीच्या टोकानं त्यांनी दोन्ही डोळे पुसले आणि मला कोपरानं ढोसलं.

“घे,” ते म्हणाले. “आता हिला कोन घालवनार?”